मुक्याशी तह

६ जानेवारी, सोमवार

ही म्हणाली, "दिवसभर माझ्या उशाशी बसून मेलेल्या शिपायांच्या कथा सांगता, त्यापेक्षा वहीत लिहा. माझ्या कानांना जरा सुट्टी." म्हणून लिहितोय. वही खालच्या फोटोफ्रेमच्या दुकानातली आहे, पुढच्या पानांवर फ्रेमची मापं आहेत.

तर आमचं राज्य. संगणकावरचा खेळ आहे, पण हसण्यावारी न्यायचं काम नाही. मोठा नकाशा, त्यात आपलं एक राज्य आणि आजूबाजूला संगणकानं चालवलेले राजे. गावं वसवायची, शेजाऱ्याशी तह करायचा नाहीतर दोन हात करायचे. शेवटी एकटे उरलात तर अख्खा विजय तुमचा. कुणाशी युती करून उरलात तर दोघांचा मिळून. मी सेनापती, ही परराष्ट्र खातं. बोलणी करायच्या पडद्याला मी आजवर हात लावलेला नाही आणि हिनं तलवारीला. हिनं अर्धं आयुष्य बँकेच्या तक्रार खिडकीत काढलंय. भांडायला आलेला माणूस आभार मानून जायचा. टोपीवाला राजा काय चीज आहे हिच्यापुढे!

राजांची नावं हिनंच ठेवली आहेत. टोपीवाला सारखी खंडणी मागतो. ढेरपोट्या तह करतो आणि झोपतो. मावशी म्हणजे ती हिरव्या शालूतली राणी, "आपल्या भेटीनं आनंद झाला" म्हणते आणि दुसऱ्या खेळीला आपलं बंदर जाळते.

हिचं पोट आज जरा बरं होतं. अर्धी वाटी भात गेला.

९ जानेवारी, गुरुवार

मावशीनं दगा दिला. माझी सोळा जहाजं बुडाली. मी लगेच 'मागे जा' दाबलं, एक खेळी मागे गेलो, बंदरावर तोफा लावल्या आणि मग बघितली तिची गंमत. ही म्हणाली, "रडीचा डाव." म्हटलं, संगणकाला कुठे कळतंय?

"आपण कधी धड जिंकलोच नाही हो," ही म्हणाली. "एकदा तरी जिंकलेलं बघू द्या."

हसत म्हणाली, पण माझ्या मनाला लागलं. जिंकून दाखवणारच.

१५ जानेवारी, बुधवार

आज दुकानात एक बाई लग्नाचा फोटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्या मोठ्या दुकानात तुमची मुलगी असते ना? तिनं भाव सांगितला, पण म्हटलं आधी तुमच्याकडे विचारावं." मी म्हटलं, माझी कुणी मुलगी नाही. बाई फोटो पिशवीत घालून निघाल्या. वर येऊन हिला सांगितलं तर हिनं पांघरूण डोक्यावर ओढलं.

एकदाच लिहून टाकतो. ती दहा वर्षांची असल्यापासून माझ्या हाताखाली शिकली. पट्टी कापणं, काच बसवणं, सगळं. दोन वर्षांपूर्वी चौकात ते चकचकीत दुकान निघालं, माझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली, आणि ही बया तिथेच नोकरीला गेली. शत्रूच्या गोटात! म्हणाली, "बाबा, इथे दोघांचं पोट भरत नाही." मी तिला दाराबाहेर काढलं आणि या घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं. या वहीतही घेणार नाही. पहिला शब्द तिनं बोलावा. मी का बोलू?

हा खेळ तिनंच संगणकावर घातला होता, ते एक वाईट आहे. पण खेळाचा त्यात काय दोष.

२२ जानेवारी, बुधवार

ही तपासणीला जाऊन आली. बँकेतल्या मैत्रिणीबरोबर जाते, मला दुकान सोडू देत नाही. येताना डोळे सुजलेले होते पण तोंड कसं प्रसन्न. विचारलं तर म्हणाली, "पोटभर गप्पा झाल्या."

डॉक्टरांनी निम्म्या गोळ्या बंद केल्या. काय खावंसं वाटेल ते खाऊ द्या म्हणाले. म्हणजे पथ्य सुटलं! लक्षण चांगलं आहे.

२६ जानेवारी, रविवार

खेळात नवीन राजा आला आहे. सकाळी बघतो तर नकाशाच्या पूर्वेला, जिथे नुसतं जंगल होतं, तिथे एक इवलंसं राज्य. ही म्हणाली, "मीच घातला आणखी एक. तीन राजांचा कंटाळा आला." बाकीच्या राजांना चेहरे आहेत, बोलणं आहे, याच्या जागी नुसती काळी सावली. काही बोलत नाही. हिला म्हटलं, याचं नाव मुका. ही म्हणाली, "मुका तर मुका. तुम्ही तरी कुठे बोलता."

आणि एक. 'मागे जा' बटणच गेलं. शोधशोध शोधलं. ही म्हणाली, "आता नाही जाता येत मागे. जपून खेळा." हा काय नवा नियम? पण परराष्ट्र खात्यापुढे कोण बोलणार.

२ फेब्रुवारी, रविवार

मुका हुशार आहे. बाकीचे राजे मिळेल तिथे गावं वसवतात, हावरटासारखे. यानं आधी आपल्या जमिनीच्या चारी कोपऱ्यांवर चौक्या बांधल्या, मग मधे शेतं घातली. मी दुकानात जन्मभर हेच सांगत आलोय. आधी चारी कोपरे जुळवा, मग बाकीचं. हिला दाखवलं. "बघ, संगणकालासुद्धा अक्कल आहे, फ्रेमवाल्याची!"

ही इतकी हसली की ठसका लागला. पाणी दिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

मुका दुपारी हलतच नाही. आपली खेळी झाली की त्याची वाट बघत बसायचं. रात्री दुकानं बंद झाल्यावर एकदम कामाला लागतो. मी वैतागलो. बाकीचे राजे कसे डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळतात. ही म्हणाली, "त्याचंही काही कामधाम असेल."

संगणकाला कसलं कामधाम! आजारपणात माणूस काहीही बोलतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुक्यानं लाकूड पाठवलं. न मागता. चांगलं दोन जहाजं भरून सागवान. टोपीवाला उंबऱ्यावर आला होता आणि माझ्याकडे बुरूज बांधायला फळकूट नव्हतं, नेमकं तेव्हाच. लाकूड मिळालं म्हणून राजधानी वाचली. मी हिला म्हटलं, यात काहीतरी डाव आहे, फुकट कोण देतं? ही म्हणाली, "अहो, देऊ दे की कुणी काही. सगळ्यात डाव कसला शोधता?"

मग म्हणाली, "आभार मानू का तुमच्या वतीनं?"

मान म्हटलं. आपलं काय जातं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वर चढून आलो तर ही फोनवर होती. "थोडं थांब गं, येतील वळणावर," असं काहीसं. मला बघून फोन ठेवला. कोण म्हणून विचारलं तर म्हणे बँकेतली मैत्रीण, तिच्या नवऱ्याबद्दल चाललं होतं. असतील बाबा हट्टी नवरे एकेकाचे.

हिचा हात इतका बारीक झालाय की बांगडी कोपरापर्यंत सरकते. भूकच नाही. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, "दुखणार नाही एवढं बघू या." दुखणं थांबलं की भूक लागेलच.

१ मार्च, शनिवार

ढेरपोट्या संपला! मावशी गेल्याच आठवड्यात बुडाली. मी लढलो खरा, पण मागची बाजू सगळी मुक्यानं सांभाळली. मी पुढे गेलो की रिकाम्या झालेल्या खिंडीत याचे शिपाई येऊन उभे. एकदाही माझ्या जमिनीत पाऊल टाकलं नाही. हिला म्हटलं, असा शेजारी मिळायला नशीब लागतं.

हिनं माझा हात धरला. म्हणाली, "मग युती करा त्याच्याशी."

"ते तुझं खातं."

"बोलणी मी करते. पण युतीच्या शेवटी सेनापतीनं स्वतः त्याच्या राजधानीत जायचं असतं. ते तुम्हालाच करावं लागेल. करा. मग मला तुम्हाला एक गंमत सांगायची आहे."

"आत्ता सांग."

"आत्ता नाही. आधी युती."

बायकांची गुपितं! करीन म्हटलं.

८ मार्च, शनिवार

टोपीवाला गेला. आता मी आणि मुका.

हिला काल संध्याकाळी हॉस्पिटलात न्यावं लागलं. तशी घाबरण्यासारखी गोष्ट नाही, अशक्तपणा आहे, सलाईन लावलंय. खिडकीजवळची खाट मिळाली. तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या शाळेचं मैदान दिसतं. नर्स चांगली आहे, हिला आक्का म्हणते.

दर दोन वाक्यांनी ही तेच विचारते, "गेलात का मुक्याकडे?" म्हटलं, आधी तू बरी हो. तर चिडली! आजारी माणसाच्या अंगात एवढा राग कुठून येतो कोण जाणे. म्हणाली, "उद्या रविवार. उद्या दुपारी जा. मी कळवलंय. तो वाट बघेल."

दुपारी तर तो कधी हलत नाही, म्हटलं. "रविवारी हलतो," म्हणाली.

९ मार्च, रविवार

जिंकलो!

नीट क्रमानं लिहितो. जेवण करून संगणकापुढे बसलो. सगळं सैन्य घेऊन मुक्याच्या सीमेवर गेलो. एकटा सेनापती पाठवायचा होता, पण मी कच्च्या गुरूचा चेला नाही. शत्रूच्या घरी रिकाम्या हातानं कोण जातं? आणि बघतो तर काय, कोपऱ्यांवरच्या चौक्या रिकाम्या. वेशीवर एक शिपाई नाही. दरवाजे सताड उघडे. सरळ राजधानीपर्यंत रस्ता मोकळा.

मी बराच वेळ बघत बसलो. हिचं वाक्य कानात घुमत होतं. एकदा तरी जिंकलेलं बघू द्या. युती केली तर अर्धा विजय, त्या काळ्या सावलीबरोबर वाटून घेतलेला. आयुष्यभर या बाईला मी सगळं अर्धंमुर्धंच दिलं. अर्धी खोली, अर्धी कमाई, अर्धी सुट्टी. म्हटलं, आज अख्खं देऊ.

राजधानी घेतली. जाळली. मुका लढलासुद्धा नाही. एक खेळी त्याच्या हातात होती, वाटलं तर माझं निम्मं सैन्य कापू शकला असता, पण त्यानं नुसती खेळी पुढे ढकलली. असला भित्रा राजा मी पाहिला नाही. पडद्यावर सोन्याची अक्षरं आली: विजय. मी फोनमध्ये फोटो काढला आणि तसाच हॉस्पिटलात पळालो. जिना चढताना चप्पल तुटली.

हिला फोटो दाखवला. हिनं फोन डोळ्यांजवळ धरून बघितला. मग म्हणाली, "वेशीवर कोणी होतं का?"

"चिटपाखरू नव्हतं! सगळे दरवाजे उघडे!"

"अहो," म्हणाली. "अहो, काय केलंत हे."

आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं दुखतंय. नर्सला बोलावलं, तिनं इंजेक्शन दिलं. जरा वेळानं हिनं फोन मागितला. मला लिहू देईना, एकेक अक्षर स्वतः दाबलं. मी विचारलं, ती गंमत सांगणार होतीस ना? आता तर युतीपेक्षा मोठं काम केलं.

"राहू दे आता," म्हणाली.

"बरी झालीस की सांग."

माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आम्ही कधी चारचौघांत असं करत नाही. नर्स समोर होती.

११ मार्च, मंगळवार

ही गेली.

१६ मार्च, रविवार

लोक येऊन गेले. बँकेतली मैत्रीण आली होती. तिला म्हटलं, तपासणीला दर वेळी बरोबर जायचात, तुमचे उपकार आहेत. ती गोंधळली. म्हणाली, मी कुठे गेले, मला तर परवाच कळलं.

मला काही समजेना. विचारायचं त्राण नव्हतं.

मुलगी आली होती त्या दिवशी. मागे भिंतीला टेकून उभी होती. माझ्याशी बोलली नाही, मी बोललो नाही. हिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि गेली.

डॉक्टर काय सांगत होते ते मला कळत नव्हतं असं नाही. ऐकायचं नव्हतं. घरात दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. आज दोन्ही भरले. दुसरा बेसिनमध्ये ओतताना इतका रडलो की खालच्या गिऱ्हाइकानं हाका मारल्या.

२३ मार्च, रविवार

हिच्या फोटोला फ्रेम करायला घेतली. आयुष्यभर जगाचे फोटो चौकटीत बसवले, हिचा एक धड नव्हता. बँकेच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. खिडकीमागून बघते तशी बघते आहे.

पट्टी कापली. कोपरा जुळेना. पुन्हा कापली. पुन्हा फट. गुण्या लावून बघितला, डोळ्यांत पाणी, काटकोन कसला दिसतोय. चार फुटांची चांगली पट्टी तुकडे तुकडे करून टाकली आणि खाली बसलो.

दार वाजलं. मुलगी होती. हातात आमच्या घराची किल्ली. "आईनं दिली होती, परत द्यायला आले," म्हणाली. टेबलावर ठेवली आणि वळली. मग तिला ते तुकडे दिसले.

काही न विचारता तिनं पर्स बाजूला ठेवली. नवी पट्टी काढली. कापली. सरस नाही, खिळा नाही; आधी चारी कोपरे नुसते एकमेकांना लावून ठेवले आणि अंगठ्याचं नख एकेका कोपऱ्यावरून फिरवलं. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याला नख अडखळलं, तर तो परत कापला. माझ्या दुकानात असं करायला मी एकाच माणसाला शिकवलं होतं.

आधी चारी कोपरे, मग बाकीचं.

 म्हटलं, "मुका... तू होतीस?"

तिनं मान वर केली नाही. "मुका नाव तुम्ही ठेवलंत ना? आईनं सांगितलं. आम्ही खूप हसलो होतो. तपासणीला गेलो होतो तेव्हा."

"मला वाटलं संगणक आहे."

"माहितेय."

"तू लढली का नाहीस? हातात खेळी होती तुझ्या. वेशीवर एक शिपाई ठेवला असतास तरी..."

तेव्हा तिनं पट्टी खाली ठेवली. "मीच काढले होते सगळे. सकाळीच. आई म्हणाली, आज बाबा तहाला येणार आहेत, दारं उघडी ठेव. मी सुट्टीच्या दिवशी सकाळपासून त्या पडद्यापुढे बसले होते, बाबा. तुमचं निशाण दिसलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या."

मी खाली पडलेले पट्टीचे तुकडे गोळा करू लागलो.

"आईला वाटत होतं, खेळात का होईना, पहिलं पाऊल तुम्ही टाकाल. मग ती सांगणार होती की हा मुका कोण. म्हणाली, एकदा आपल्या पायांनी आले की मग परत फिरायचे नाहीत ते." तिनं डोळे पुसले. "त्या दिवशी तिचा एवढाच निरोप आला. 'त्यांना माहीत नव्हतं.' नंतर काही नाही."

एकेक अक्षर स्वतः दाबत होती. मी शेजारी उभा राहून विजयाचा फोटो नर्सला दाखवत होतो.

लहान मुलासारखं विचारलं मी तिला. म्हटलं, "ते 'मागे जा' बटण कुठे आहे? एकच खेळी मागे जायचंय."

"समोर माणूस असलं की ते बटण नसतं, बाबा. संगणकाशी खेळतानाच असतं."

फ्रेम पुरी केली तिनं. काच पुसून बसवली, पाठ लावली, हूक लावला. फोटो भिंतीवर टांगला आणि दोन पावलं मागे जाऊन सरळ आहे का बघितलं. मी म्हटलं, चहा घे. म्हणाली, नको, आत्ता नको. किल्ली टेबलावरच राहिली. ती पायरी उतरेपर्यंत हाक मारायचं मनात होतं, पण दोन वर्षांत ते नाव तोंडातून निघालेलं नाही, ते आलंच नाही वेळेवर.

२४ मार्च, सोमवार

भिंगरी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हिनं ठेवलेलं नाव. सकाळपासून मोठ्यानं म्हणून बघतोय, दुकानात कुणी नसताना.

संगणक उघडला. सोन्याची अक्षरं अजून तशीच आहेत. बोलणी करायच्या पडद्यावर पहिल्यांदा गेलो. चार राजांची नावं, चौघांपुढे बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. चष्मा लावून वाचलं. तिघांपुढे संगणक. चौथ्यापुढे खेळाडू. रोज तिथे होतं ते.

चौकातलं ते दुकान रात्री आठला बंद होतं. मी दुपारीच जाणार आहे, गिऱ्हाइकांच्या देखत. किल्ली बरोबर घेतली आहे, तिची तिला द्यायला. ती घेईल का, मला आत येऊ देईल का, काही सांगता येत नाही. भांडून गेलेल्या माणसाशी पहिलं वाक्य काय बोलायचं असतं, ते आमच्या घरात हिलाच यायचं. मी हिला कधी विचारलं नाही.